वर्षश्राद्धाची तिथी कोणती धरावी: ब्रेनडेड जाहीर झाल्याची की हृदय थांबल्याची?

प्रश्न (कोथरूडकर)

माझे भाऊजी गेल्या वर्षी सिंहगड रस्त्यावर दुचाकीच्या अपघातात गेले. डोक्याला जबर मार लागला होता आणि रुग्णालयात आणल्यापासून ते व्हेंटिलेटरवरच होते. बुधवारी दुपारी एकदा आणि रात्री एकदा अशा दोन तपासण्या झाल्या, सव्वानऊच्या सुमारास डॉक्टरांनी आम्हांला बाजूला बसवून ते ब्रेनडेड असल्याचे सांगितले आणि ताईने त्याच रात्री अवयवदानाच्या कागदांवर सही केली. शस्त्रक्रिया गुरुवारी सकाळी झाली. पोलिसांचे सोपस्कार आणि शवविच्छेदन उरकून देह हाती यायला संध्याकाळ झाली आणि मग वैकुंठ स्मशानभूमीत अंत्यसंस्कार झाले. महापालिकेच्या दाखल्यावर मात्र तारीख बुधवारची आहे.

त्या धांदलीत गुरुवारपासून दिवस मोजून ओंकारेश्वरावर दहावा झाला, तेव्हा कोणी काही विचारले नाही. आता वर्षश्राद्ध जवळ आले आहे आणि तिथीवरून घरात दोन तट पडले आहेत. बुधवारी दिवसभर दशमी होती, गुरुवारी पहाटे एकादशी लागली. भाऊजींच्या आई माळकरी आहेत. मुलगा एकादशीला गेला, एवढाच त्यांना आधार आहे. त्या रात्रभर त्याच्या उशाशी होत्या, हात गरम होता, छाती हलत होती आणि पायाची बोटे हललेलीही त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. ताई म्हणते, एकादशी धरायची तर त्याचा अर्थ असा होतो की ते जिवंत असताना मी त्यांचे अवयव काढू दिले. हे ती एकदाच बोलली, पण तेव्हापासून घरात पंचांगाला कोणी हात लावलेला नाही.

माणूस नेमका कधी गेला असे वैद्यक, कायदा आणि शास्त्र मानते, हे जाणकारांनी सांगावे. समजूत काढण्यापुरते उत्तर नको आहे.

उत्तर १ (निवृत्त भूलतज्ज्ञ)

अतिदक्षता विभागात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे वैद्यकाची बाजू मी सांगू शकतो. हृदयाला स्वतःचा ठोका असतो आणि प्राणवायू मिळत आहे तोवर मेंदूची आज्ञा नसतानाही ते काही काळ चालते. श्वासाचे तसे नाही. श्वास घेण्याची आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या मेंदूस्तंभातून येते आणि तो मेला की छाती पुन्हा कधीही आपणहून हलत नाही. आईंना जी छाती हलताना दिसली, ती यंत्र हलवत होते. बोटांची हालचाल खरी असणार, त्यांना भास झाला असे कृपा करून म्हणू नका. मज्जारज्जू मेंदूशिवायही काही प्रतिक्षिप्त हालचाली करतो. पायाची बोटे हलतात, क्वचित हातही वर उचलला जातो, आणि नवख्या परिचारिकासुद्धा ते पाहून दचकतात.

तपासणीत बाहुल्यांवर उजेड टाकतात, बुबुळाला कापसाचा स्पर्श करतात, कानात बर्फाचे पाणी सोडतात, नळीने ठसका येतो का ते पाहतात. शेवटची परीक्षा श्वासाची. व्हेंटिलेटर सोडवून नळीतून नुसता प्राणवायू चालू ठेवतात आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड पाऱ्याच्या ६० मिलिमीटरपर्यंत चढू देतात. मेंदूस्तंभात थोडी जरी धुगधुगी असेल तरी या पातळीला माणूस श्वास घेतोच घेतो. त्या काही मिनिटांत छाती उघडी ठेवलेली असते आणि खोलीतले सगळे तिच्याकडे पाहत उभे असतात. हे सारे किमान ६ तासांच्या अंतराने पुन्हा करावे लागते, प्रमाणपत्रावर चार डॉक्टर सह्या करतात आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील कोणी त्यांत चालत नाही. दुसरी तपासणी पूर्ण झाल्याची वेळ ही मृत्यूची वेळ धरतात. त्यामुळे तुमचे भाऊजी बुधवारी रात्री गेले, याबद्दल वैद्यकाला शंका नाही.

कायद्याचे उत्तर इतके सरळ नाही, आणि तो दोष कायद्याचाच आहे. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा मात्र जीवनाची सर्व लक्षणे कायमची नाहीशी होण्याबद्दल बोलतो, मेंदूचा उल्लेखही करत नाही. परिणाम असा की अवयवदान होणार असेल तर रुग्ण निःशंकपणे मृत ठरतो, आणि शेजारच्या खाटेवर तशाच अवस्थेतल्या माणसाच्या घरच्यांनी दानाला नकार दिला तर व्हेंटिलेटर काढायला डॉक्टर कचरतात. केरळ सरकारने २०२० मध्ये दान असो वा नसो, मेंदूमृत्यू हा मृत्यूच, असा आदेश काढून हा घोळ आपल्यापुरता मिटवला.

ब्रेनडेड आणि कोमा यांची गल्लत होते म्हणून एक उदाहरण देतो. अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत मुंबईच्या केईएम रुग्णालयात जवळजवळ अचेत अवस्थेत होत्या, पण श्वास त्यांचा स्वतःचा होता. म्हणूनच २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मृत मानले नाही. तुमच्या भाऊजींची अवस्था ती नव्हती.

उत्तर २ (एरंडवणे)

इतके खोलात जाण्याचे कारण मला कळत नाही. म्हातारीला एकादशीचा आधार आहे तर तो काढून कोणाचे भले होणार आहे? एकादशी धरावी, श्राद्ध करावे आणि मोकळे व्हावे.

उत्तर ३ (पौरोहित्य करणारी, सदाशिव पेठ)

वरील सूचनेमागचा हेतू चांगला आहे, पण त्याची किंमत ताईंनी दरवर्षी मोजायची, हे लक्षात घ्यावे. आईंना आधार द्यायचा तर तो सुनेला दोषी न ठरवताही देता येईल.

आता शास्त्राचे. प्राण गेला हे कशावरून ओळखावे, याची परीक्षा धर्मसिंधूसारखे निबंधग्रंथ, म्हणजे धर्मशास्त्रातले नियम एकत्र करून सांगणारे ग्रंथ, सांगत बसत नाहीत. माणूस गेला हे जाणकारांकडून कळले आहे असे गृहीत धरून ते पुढच्या विधीकडे वळतात. एके काळी वैद्य नाडी पाहून सांगत, आज चार डॉक्टर सांगतात. निर्णय ज्याचा त्याने दिल्यावर शास्त्राला त्यात हरकत घेण्यासारखे काही आहे, असे माझ्या अभ्यासात आलेले नाही. माझ्या मते तिथी दशमीच येते.

दिवस गुरुवारपासून मोजले गेले याची मुळीच रुखरुख नको. आहिताग्नी, म्हणजे ज्याने श्रौत अग्नी राखला आहे, त्याचे आशौच, म्हणजे सुतक, दहनाच्या दिवसापासून आणि इतरांचे मरणाच्या दिवसापासून, असा भेद जुन्यांनीच केला आहे. म्हणजे शेवट कुठून मोजायचा याची दोन उत्तरे असू शकतात, हे त्यांनाही मान्य होते. झालेले विधी झाले, ते पुन्हा करण्याचे कारण नाही. वर्षश्राद्धासाठी मात्र यंदाच्या पंचांगात त्या महिन्याची दशमी दुपारनंतर, अपराह्णकाळी, कोणत्या दिवशी आहे ते पाहावे. नुसती तारीख पाहून चालत नाही, कारण तिथी मध्यरात्री बदलत नाही. शक्य असल्यास सव्वानऊ ही तुम्हांला सांगितल्याची वेळ आहे की कागदावरची, तेही तपासून घ्यावे.

आणखी एक अडचण कोणी बोललेले दिसत नाही. पुष्कळ वारकरी आणि वैष्णव घरांत एकादशीला श्राद्धाचा स्वयंपाक करत नाहीत, ते द्वादशीला करतात. आईंच्या हट्टाप्रमाणे एकादशी धरली तरी पिंड एकादशीला पडतीलच असे नाही. त्यापेक्षा दशमीला श्राद्ध करावे आणि दुसऱ्या दिवशी एकादशीला आईंच्या हातून त्यांच्या मुलाच्या नावाने भजन किंवा हरिपाठ ठेवावा. शिवाय मृत्यू अपघाती असल्याने पितृपक्षात घात चतुर्दशीला महालय करण्याची रीत आहे, तिथे दशमी-एकादशीचा प्रश्नच येत नाही.

उत्तर ४ (जुना पेठकर)

मृत्यूचा क्षण समाजाने ठरवावा लागतो, ही गोष्ट पुण्याला तरी नवी नाही. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी ते मान्य केले नाही आणि त्या सधवेसारख्याच राहिल्या. पुढे भाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला, त्याचे बंड मोडून १७७६ मध्ये त्याला देहदंड दिला गेला, तरी बाईंच्या लेखी पतीचा मृत्यू झालेला नव्हता. १७८३ साली त्या गेल्यावर दोघांची उत्तरक्रिया बरोबर झाली असे सांगितले जाते. बेपत्ता माणसासाठी आजचा कायदा ७ वर्षे थांबतो, जुने शास्त्र सर्वसाधारणपणे १२ वर्षे थांबून पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी देते. उलट संन्यासी चालता-बोलता स्वतःचे श्राद्ध उरकतो आणि वारसाहक्काच्या दृष्टीने तेव्हाच मृत ठरतो. छातीचा ठोका यांतल्या कोणत्याच ठिकाणी निर्णायक नाही.

ब्रेनडेड ही कल्पना व्हेंटिलेटरच्या पोटी जन्माला आली. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा रुग्णांच्या घशात नळी घालून विद्यार्थ्यांनी हाताने पिशवी दाबत त्यांचा श्वास चालू ठेवला, आणि अतिदक्षता विभाग तिथून सुरू झाले. त्यापूर्वी श्वास, हृदय आणि मेंदू मागोमाग थांबत, त्यामुळे कोणते थांबणे खरे हा प्रश्न कोणाला पडत नव्हता. डिसेंबर १९६७ मध्ये पहिले हृदयरोपण झाले आणि १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडले. हा क्रम पाहून अवयवांसाठीच व्याख्या बदलली असा संशय लोकांना आला, आणि तो सर्वस्वी निराधार होता असे मी म्हणणार नाही.

जपानमध्ये त्याच १९६८ साली साप्पोरो येथे झालेल्या हृदयरोपणानंतर दाता खरोखर मृत होता का, यावरून शल्यविशारदाविरुद्ध तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, पण पुढे १९९७ चा कायदा येईपर्यंत तिथे असे रोपण झाले नाही, आणि त्या कायद्यानेही मेंदूमृत्यू मानला तो दात्याने लेखी इच्छा नोंदवून ठेवली असेल तरच. अमेरिकेत एका १३ वर्षांच्या मुलीला कॅलिफोर्नियाने डिसेंबर २०१३ मध्ये मृत घोषित केले. आईने तिला न्यू जर्सीला हलवले, कारण तिथला कायदा धार्मिक कारणासाठी मेंदूमृत्यू नाकारण्याची मुभा देतो. तिथे ती जून २०१८ मध्ये गेली. एका मुलीचे दोन राज्यांत दोन मृत्यूदाखले आहेत. तेव्हा तुमच्या घरातला वाद अडाणीपणाचा आहे असे कोणी म्हटले तर ऐकून घेऊ नका. मात्र तो सोडवताना ताईच्या सहीचे ओझे हलके होईल असाच पक्ष घ्यावा, हे उत्तर ३ मधील म्हणणे मला पटते.

प्रश्नकर्ता (कोथरूडकर)

सर्वांचे आभार. ताईला हे सगळे वाचायला दिले. भजनाची सूचना तिला आवडली, ती आईंपुढे स्वतःच मांडणार आहे. तिने एकच विचारले आहे: महापालिकेच्या दाखल्यावर नुसती तारीख आहे, मग वेळ कुठे मिळेल? आणि आईंना एखाद्या डॉक्टरांनी समोर बसून सांगितले तर बरे होईल का?

उत्तर (निवृत्त भूलतज्ज्ञ)

मेंदूस्तंभ मृत्यूचे प्रमाणपत्र नमुना क्रमांक १० मध्ये भरतात, त्यावर दोन्ही तपासण्यांची नोंद आणि चौघांच्या सह्या असतात. रुग्णालयाच्या वैद्यकीय अभिलेख विभागात ताईंनी स्वतःच्या सहीने अर्ज करावा आणि मूळ मृत्यूदाखल्याची प्रत व ओळखपत्र जोडावे. तपासणीची वेळ त्या प्रतीवर स्पष्ट नसेल तर त्या रात्रीच्या उपचारनोंदींची प्रतही त्याच अर्जात मागावी. डॉक्टरांशी भेट जरूर घडवा, मात्र ज्यांनी तेव्हा तपासणी केली त्यांच्यापैकी कोणाशी तरी घडवा, माझ्यासारख्या तिऱ्हाइताशी नको. पायाच्या बोटांचा प्रश्न आईंना स्वतः विचारू द्या, मध्ये कोणी बोलू नये.