मिसाइलची भागीदारी: खर्च अर्धा की कटकट दुप्पट?

लष्करकर: परवा इथे एकाने ठोकून दिलं, "एअर डिफेन्सला परदेशी भागीदार घ्या, खर्च अर्धा होतो." अजून डोक्यातून जात नाहीये. तीन देशांनी मिळून काढलेल्या मीड्स या एअर डिफेन्स मिसाइलचं काय झालं? अमेरिका ५८ टक्के, जर्मनी २५, इटली १७. २०११ला अमेरिकेनेच सांगितलं, आम्ही विकत घेणार नाही. २०१३च्या चाचणीत त्याने दोन लक्ष्यं पाडली, तरी नाहीच. आणि आपलं देशी आकाश मिसाइल? १० जुलै २०१५ला पर्रीकरांनी इथे ग्वाल्हेरातच हवाई दलाकडे सोपवलं. कुणाच्या संसदेची मनधरणी करावी लागली नाही.

बाड्यावरचा: ती पोस्ट माझीच, नाव घेऊन बोला की. आकाशचं काम १९८३चं, हे बरं गिळलंत. बत्तीस वर्षं! इस्रायलबरोबर बराक-८ मिसाइलचा करार २००६चा, हवाई दलात आलं २०२१ला. दोनदा पेटणारी मोटर आपली, लक्ष्य हुडकणारा सीकर त्यांचा, मारा ७० किलोमीटर. आणि आपण एकट्याने केलेलं त्रिशूल मिसाइल २००८ला गुंडाळलं, त्याचा हिशेब कुणी द्यायचा?

जिवाजीगंजची सून: भागीदारी बघायची तर आमच्या वाड्यात या. तीन बिऱ्हाडांनी मिळून बोरिंग केलं. वरच्यांचा वाटा चौथा हिस्सा, कूलर मात्र तीन. जूनमध्ये पंप जळला तर म्हणतात, आम्ही तर नळाचंच पाणी वापरतो. अगदी तुमची अमेरिका!

खस_की_टट्टी: "वरचे" म्हणजे मी. वहिनी, दोन वर्षं विजेचं बिल कुणी भरलं तेही लिहा.

जिवाजीगंजची सून: भाऊजी, मीटर तुमच्या नावावर आहे म्हणून! आणि चावीही तुमच्याकडेच असते. पहाटे पाचला टाकी तुमची भरते, आमची बादली सातला.

खस_की_टट्टी: चावी मागितलीत कधी? चारचौघांत धुणी धुवायला बरी फुरसत मिळते.

लष्करकर: अहो, बोरिंगचा धागा वेगळा काढा.

बाड्यावरचा: कशाला? मुद्दा हाच तर आहे. चावी कुणाकडे ते आधी लिहून घ्यायचं.

माजी_हवालदार: एस-४०० ही एअर डिफेन्स यंत्रणा तर रशियाकडून सरळ विकत घेतली, २०१८ला, पाच स्क्वाड्रन. युक्रेनमध्ये लढाई पेटली आणि डिलिव्हरी रेंगाळली. म्हणजे विकत घेऊनही चावी दुसऱ्याकडेच. ७ मे २०२५ला इथे ब्लॅकआउटची तालीम झाली तेव्हा मी अंधारात गच्चीवर होतो. मिसाइलमध्ये कुणाचे किती टक्के, हे त्या रात्री एकानेही विचारलं नाही.

लष्करकर: बरं बाबा, बराक चांगलं निघालं. हा एक मुद्दा तुमचा. मीड्सवर मात्र तुम्ही अजून चकार शब्द काढलेला नाही.

बाड्यावरचा: मीड्स बुडालं, मान्य. घ्या, पेढे वाटा.

खस_की_टट्टी: वहिनी, चावी खाली जिन्यातल्या खिळ्याला लावली आहे. पंपाचे पैसे देणार नाही.