डीआरडीओच्या प्रकल्पात लहान फाउंड्रीने महाविद्यालयासोबत उतरावे का?

प्रश्न – कुपवाडचा ओतकामवाला

कुपवाड औद्योगिक वसाहतीत आमची लहान फाउंड्री आहे आणि तिला जोडूनच मशिन शॉप आहे. पंपांचे व व्हॉल्व्हचे कास्टिंग (ओतीव भाग) आणि थोडेफार ट्रॅक्टरचे सुटे भाग, एवढाच आजवरचा व्याप. सांगलीतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राध्यापक दिवाळीपासून आग्रह करीत आहेत की, पुण्यातील संरक्षण प्रयोगशाळांना उपयोगी पडेल अशा ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या कास्टिंगवर आपण मिळून प्रकल्प करू. अभ्यास व चाचण्या त्यांच्या, पॅटर्न (ज्यावरून साचा घेतात तो नमुना) आणि ओतकाम आमचे. कल्पना आवडली, पण व्यवहार नीट उमगत नाही. पैसा कोण देतो, तयार झालेल्या तंत्रावर हक्क कोणाचा, आणि काम यशस्वी झाले तर पुढची ऑर्डर आम्हालाच मिळते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ – विश्रामबागचा मास्तर

आपण तीन प्रश्न विचारले आहेत, पण त्यांची उत्तरे आपण कोणत्या योजनेतून आत शिरता यावर ठरतात. निव्वळ संशोधनासाठी डीआरडीओ, म्हणजे संरक्षण संशोधन व विकास संस्था, शिक्षणसंस्थांना थेट अनुदान देते. वैमानिकी, नौदल, आयुधे अशा विषयांची स्वतंत्र संशोधन मंडळे त्यासाठी आहेत, आणि मोठ्या, दीर्घ मुदतीच्या कामांसाठी आयआयटी, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था व काही विद्यापीठांत मिळून १५ उत्कृष्टता केंद्रे उभी केली आहेत. अशा अनुदानातून विद्यार्थी घडतात, शोधनिबंध होतात, उपकरणे येतात. मात्र त्यात कारखान्याला फारसे स्थान नसते, फार तर नमुने ओतून देण्याचे काम मिळते.

आपल्यासाठी खरी योजना म्हणजे तंत्रज्ञान विकास निधी, ज्याला सगळे टीडीएफ म्हणतात. त्यात अर्जदार उद्योग असतो आणि महाविद्यालय भागीदार म्हणून येते. २०२२ मध्ये प्रत्येक प्रकल्पाची मर्यादा १० कोटींवरून ५० कोटी रुपयांपर्यंत वाढवली गेली, आणि खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीपैकी २५ टक्के रक्कम उद्योग, नवउद्योग व शिक्षणसंस्थांसाठी राखण्याची घोषणा झाली होती. तरीही उरलेला वाटा आपल्या खिशातून जातो आणि अनुदान टप्प्याटप्प्याने येते, हे आमचे प्राध्यापकबंधू उत्साहाच्या भरात सांगायचे विसरतात.

हक्कांबाबत एवढेच म्हणेन की, महाविद्यालयाशी आपला वेगळा लेखी करार अर्जाच्या आधीच झालेला असावा. मिश्रधातूचे प्रमाण, गेटिंगची (साच्यात धातू जाण्याच्या वाटांची) रचना, उष्मोपचाराचे वेळापत्रक यांपैकी काय शोधनिबंधात छापता येईल आणि काय नाही, हे त्यात लिहिलेले नसेल तर पुढे वाद ठरलेलाच.

उत्तर २ – निवृत्त निरीक्षक, सातारा

माझी नोकरी गुणवत्ता तपासणीत गेली, म्हणून ऑर्डरच्या प्रश्नावर लिहितो. नमुना उत्तीर्ण होणे ही एक गोष्ट आणि खरेदी होणे ही दुसरी. टीडीएफमध्ये सिद्ध झालेली वस्तू खरेदीस पात्र ठरू शकते, पण खरेदीचा निर्णय सैन्यदलांचा असतो आणि तो वेगळ्या प्रक्रियेतून जातो.

पुण्याच्या पाषाणमधील एआरडीई या डीआरडीओच्या आयुध प्रयोगशाळेने भारत फोर्ज व टाटा समूहातील कंपनीला सोबत घेऊन विकसित केलेली १५५ मिमी तोफ पाहावी. प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला आणि ३०७ तोफांच्या खरेदीचे करार मार्च २०२५ मध्ये झाले. तेथे उद्योग आराखड्यापासूनच विकास व उत्पादन भागीदार म्हणून निवडलेले होते, आणि अशा भागीदाराकडून डीआरडीओ तंत्रज्ञान हस्तांतरणाचे शुल्कही घेत नाही. पण बारा वर्षे गुंतवणूक पेलण्याची ताकद त्या कंपन्यांत होती. आपल्यासारख्यांनी अशा भागीदाराच्या हाताखाली सुटा भाग पुरवणे हाच बहुधा शहाणपणाचा मार्ग आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता खरी अडचण. आमच्याकडे येणारी बहुतेक लहान कारखान्यांची कास्टिंग धातूच्या दोषामुळे परत जात नसत, ती कागदांमुळे जात. कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूच्या खेपेचा क्रमांक, उठवलेला असतो. त्याच हीटमधून ओतलेल्या टेस्ट बारचा (चाचणीच्या कांडीचा) ताण-चाचणीचा अहवाल, इन्गॉटचे (कच्च्या धातूच्या लादीचे) प्रमाणपत्र, भट्टीचा तापमान-आलेख आणि रेडिओग्राफीची (क्ष-किरण तपासणीची) फिल्म या सगळ्यांवर तोच क्रमांक हवा. दुपारच्या पाळीत दोन हीटचे टेस्ट बार एकाच ट्रेमध्ये टाकले की अख्खा लॉट संशयास्पद ठरतो, मग धातू कितीही उत्तम असो. विमानात बसणाऱ्या भागाला तर बेंगळुरूच्या सेमिलॅक या लष्करी विमानांची उड्डाणयोग्यता प्रमाणित करणाऱ्या संस्थेची मान्यता लागते, तिचा व्याप आणखी मोठा. तेव्हा प्रकल्पाचा अर्ज करण्याआधी नेहमीच्या पंप कास्टिंगवरच ही शिस्त बसवून पाहावी. जमली तर पुढे जावे.

उत्तर ३ – एमआयडीसीकर

निरीक्षकसाहेबांशी सहमत आहे, पण एक बाजू राहिली. आम्ही साताऱ्यात एका मोठ्या कंपनीला संरक्षण कामाचे मशिनिंग करून देत होतो. ड्रॉइंगमध्ये मध्येच बदल झाला, तयार माल पडून राहिला आणि जुन्या ड्रॉइंगप्रमाणे केलेल्या कामाचे पैसे मिळवताना दमछाक झाली. प्रत्येक ड्रॉइंगचा आवृत्ती क्रमांक पर्चेस ऑर्डरवर छापून घ्या, आणि बदल झाल्यास तयार व अर्धवट मालाची भरपाई कोण करणार, हे वाक्य आग्रहाने घाला. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या लहान पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचे कायदेशीर बंधन आहे. परंतु माल स्वीकारलाच नाही असे समोरचा म्हणाला तर ते ४५ दिवस मोजायचे कुठून, हाच वाद सुरू होतो. म्हणून माल तपासणीची मुदतही लिहून घ्या.

कुपवाडचा ओतकामवाला

सर्वांचे आभार. हीट नंबरची पद्धत आमच्याकडे आहे, पण टेस्ट बार वेगळे ठेवण्याची नाही. ती सोमवारपासून सुरू करतो. मास्तर, महाविद्यालयाशी करार करायचा तर तो प्राध्यापकांशी की संस्थेशी?

विश्रामबागचा मास्तर

संस्थेशीच. सही प्राचार्यांची हवी. प्राध्यापक उद्या दुसरीकडे गेले तर प्रयोगशाळा, नोंदवह्या व नमुने महाविद्यालयातच राहतात, आणि आपल्याला त्यांच्यावरचाच हक्क लागणार आहे. करारात प्रकल्पाचे नाव, दोघांचा खर्चातील वाटा आणि प्रसिद्धीपूर्वी मजकूर दाखवण्याची अट एवढे तरी घालावे. मसुदा झाला की नावे काढून येथे टाका, वाचून कळवतो.