सायहबवाल्यांना चोर म्हणणाऱ्या सरांना उत्तर

गोदाकाठ: काल इथं एका सरांनी लिहिलं, सायहबवरून, म्हणजे विकतचे शोधनिबंध फुकट देणाऱ्या साइटवरून, पेपर उतरवणारे सगळे चोर, सरकारनं जर्नल्सची वर्गणी भरायची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना आल्यावर आता सबबही उरली नाही. सर, तुम्ही विद्यापीठात बसून बोलायलात. तीन वर्षांचे 6,000 कोटी, 30 प्रकाशक, 13,000च्या आसपास जर्नल्स, सगळं खरं. पण पहिला टप्पा सरकारी संस्थांचा. मी तालुक्याच्या विनाअनुदानित कॉलेजवर तासिका तत्त्वावर आहे. तुरीच्या मर रोगावरचा पेपर उघडला की गोषवारा दिसतो, खाली डॉलरमधली किंमत. आमचं मानधन सत्र संपल्यावर येतं, आलं तर. लिहिणाऱ्याला छदाम नाही, तपासणाऱ्याला नाही, सरकार पैसे ओततंय आणि प्रकाशक गब्बर. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय. आणि चोर मी?

पाणचक्की: मीच तो सर. मॅडम, भावना ठीक, कायदा वेगळा. एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटीनं 2020 मध्ये दिल्ली हायकोर्टात दावा लावला, ऑगस्ट 2025 मध्ये सायहब भारतात बंद करायचा हुकूम निघाला. संपलं. आणि त्या साइटवर 2021 नंतरचं फारसं नाहीच. शिळ्या मालावर पीएचडी करणार?

बालाघाट: त्याच हायकोर्टानं 2016 ला विद्यार्थ्यांना पुस्तकांतले उतारे झेरॉक्स करून देणाऱ्या रामेश्वरी फोटोकॉपीवाल्याच्या बाजूनं निकाल दिला, ते सोयीनं विसरलात.

पाणचक्की: ते वर्गात शिकवायच्या उताऱ्यांचं होतं. आख्खा साठा उचलून जगाला वाटणं वेगळं. अर्धवट वाचून येऊ नका.

ग्रंथपाल_नांदेडकर: मधे बोलतो, राग मानू नका. कपाटात ग्रंथ धूळ खातायत. पेपर वाचायला कुठं मिळेल, हे मला फारसं कुणी विचारत नाही. छापून कुठं मिळेल, हे सगळे विचारतात. व्हॉट्सॲपवर जाहिराती फिरतात: पैसे भरा, दोन दिवसांत पेपर, सोबत प्रमाणपत्र. पदोन्नतीच्या फायली त्यावरच फुगतात. यूजीसीनं 2025 मध्ये मान्य जर्नल्सची केअर यादी बंद केली, आता तर रान मोकळं.

बालाघाट: हेच! आमच्याकडं एका मुलाखतीत पंधरा पेपरवाला निवडला. विषय विचारला तर गडी छताकडं बघायला लागला. न वाचता छापणारे साहेब, अन् वाचण्यासाठी उतरवणारा चोर?

पाणचक्की: विषय भरकटवू नका.

बालाघाट: काहून? तुमचे किती त्या दोन दिवसवाल्यातले?

पाणचक्की: तोंड सांभाळून. माझे सगळे पेपर शोधून बघा. पैसे देऊन छापणाऱ्यांवर मी विभागात उघड बोललोय, त्याची किंमतही मोजलीय. तुम्ही टोपणनावामागून दगड मारता.

बालाघाट: पाणचक्की तुमचं पाळण्यातलं नाव का?

ग्रंथपाल_नांदेडकर: पुरे. मॅडम, पीएचडीची नोंदणी विद्यापीठात आहे ना? तिथल्या ग्रंथालयात इनफ्लिबनेटच्या (विद्यापीठ ग्रंथालयं जोडणारी सरकारी संस्था) इनफेडचं, म्हणजे जर्नल्स ऑनलाइन वाचायचं, लॉगिन मागा, घरूनही उघडतं. आणि लेखकाला सरळ मेल टाका, बरेच जण पीडीएफ पाठवतात.

गोदाकाठ: गेले होते. मार्गदर्शकांचं पत्र आणा म्हणाले. पत्र नेलं, तर ते काम बघणारे रजेवर. ठीक, पुन्हा जाते. पण नोंदणी नसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनी काय करायचं?

पाणचक्की: खाजगी कॉलेजंही योजनेत घ्यावीत, एवढं मलाही पटतं. चोरी मात्र चोरीच.

गोदाकाठ: धन्य झाले, सर. आता हेच कुलगुरूंना लेखी कळवा, खाली तुमच्या खऱ्या नावानं. मी सह्या गोळा करते.