मंदीतली नोकरी: आधी नोटीस पिरियड बघतात
रोज पोर्टलवर अर्ज टाकतो, पण साधं उत्तरही येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पुण्यात आयटीवाल्यांचं सध्या तेच चाललंय. एका जागेला रेझ्युमेंचा ढीग येतो, मग एचआर आधी नोटीस पिरियड बघतात, म्हणजे राजीनामा दिल्यावर जुन्या कंपनीत किती दिवस काढावे लागणार ते. ९० दिवसवाले बरेचदा तिथेच गळतात. तुम्ही तर मोकळे आहात ना? मग 'लगेच रुजू होऊ शकतो' हे प्रोफाइलवर अगदी वर टाका.

पण खरी मदार रेफरलवर, म्हणजे कंपनीतल्याच कुणीतरी तुमचं नाव पुढे करण्यावर. जुन्या टीम लीडला नुसतं "काही असेल तर सांगा" म्हणू नका. त्यावर सगळेच "हो हो, बघतो" म्हणतात आणि विसरतात. त्यांच्याच कंपनीतली जागा स्वतः शोधून जॉब आयडी (त्या जागेचा क्रमांक) आणि रेझ्युमे एकाच मेलमध्ये पाठवा. त्यांना फक्त फॉरवर्ड करायचं उरलं पाहिजे.

आणि नोकरीसाठी आधी पैसे मागणारी कन्सल्टन्सी भेटली, तर लांबूनच नमस्कार.