खान्देशातून जाताना वाट वाकडी करून पाहिलेली जुनी सरकारी वास्तू : तुमचे अनुभव

मुंबई-आग्रा रस्त्याने जाणारे बरेच जण धुळ्याला शेवभाजीपुरते थांबतात आणि पुढे निघतात. जुने बंगले, कचेऱ्या, तुरुंग तिथेच असतात. तुम्ही कधी थांबून पाहिलं असेल तर सांगा. सुरुवात मी करतो.

नाशिकहून येताना धुळ्याच्या अलीकडे लळिंगचा किल्ला दिसतो. तिथल्या जंगलात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा त्यांचा मुक्काम इथे होता. दरवर्षी त्याच तारखेला इथे भीमस्मृती यात्रा भरते. वडील लहानपणापासून सांगायचे, पण त्यांना घेऊन गेलो ते त्यांच्या सत्तरीत. पाऊस भुरभुरत होता. पांढऱ्या साड्यांतल्या बाया लेकरं कडेवर घेऊन चिखलातून चालल्या होत्या. एका आजीने विचारलं, "कथाइन उनात भाऊ?" पुण्याहून म्हटल्यावर तिने पिशवीतली दशमी काढून वडिलांच्या हातावर ठेवली.

बंगल्यापाशी वडिलांनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीला तळहात लावून बराच वेळ उभे राहिले. परतीला गाडीत गप्प होते. मालेगाव मागे पडल्यावर म्हणाले, "त्यांनाही रात्री हाच पाऊस ऐकू आला असेल."

*

आम्ही इंदूरला जाताना धुळ्याच्या तुरुंगासाठी थांबलो. १९३२ मध्ये विनोबा तिथे कैदेत होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक अध्याय, असे गीतेचे अठराही अध्याय त्यांनी कैद्यांपुढे मराठीतून उलगडले. साने गुरुजीही तिथेच कैदेत होते. त्यांनी ते लिहून घेतलं म्हणून आज आपल्या हाती आहे.

कारागृह आजही चालू आहे, त्यामुळे परवानगीशिवाय आत जाता येत नाही. पहाऱ्यावरच्या शिपायाने फोटो काढू नका म्हणून सांगितलं, तेही नीट समजावून. आम्ही रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभे राहिलो. माझ्या आईला बारावा अध्याय पाठ आहे. तिने तिथेच डोळे मिटून हळू आवाजात पूर्ण म्हटला. शेजारी एक बाई डबा घेऊन भेटीच्या वेळेची वाट बघत होती. तीही डोक्यावर पदर घेऊन ऐकत राहिली. तिचा मुलगा आत होता.

त्या बाईमुळे मला ती भिंत आजची वाटली. इतिहासाची सहल म्हणून निघालेली मी तिथे वेगळीच झाले.

*

माझा अनुभव वास्तूपेक्षा कागदाचा. जळगावकडे जाताना आमच्या तालुक्याच्या जुन्या मामलेदार कचेरीत वडिलोपार्जित जमिनीचा उतारा काढायला थांबलो. जाड भिंती, उंच छत, बाहेर ऊन रणरणतं आणि आत गारवा. रेकॉर्ड रूममधल्या बाईंनी फडक्यात बांधलेला गठ्ठा सोडला. वर लिहिलेलं : जिल्हा पूर्व खानदेश. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले, पूर्वेचं ठाणं जळगाव, पश्चिमेचं धुळे, हे शाळेत शिकलो होतो. पण त्या अक्षरांखाली माझ्या पणजीचं नाव होतं, वारस म्हणून, आणि पुढे अंगठा. घरात तिचा एकही फोटो नाही.

*

लांडोरला मीही जाऊन आलोय. ३१ जुलैला जाणार असाल तर सकाळी लवकर पोचा, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी काठी जरूर न्या. वाट निसरडी असते.