कॅमेरोची रिकॉलची केबल: ठेवायची की काढायची?

मिशिगनचा_मध्या
मत मांडतो, मग शिव्या घाला. जुनी गाडी 'कारखान्यातून निघाली तश्शी' करायच्या नादात रिकॉलमध्ये (कंपनीने दोषासाठी गाड्या परत बोलावतात तेव्हा) झालेली दुरुस्ती उपटून टाकणं हा शुद्ध आचरटपणा आहे.

गेल्या महिन्यात १९६८ची शेवरोले कॅमेरो घेतली, व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनवाली. आधीच्या मालकांनी चार वर्षं खपून ती नवीकोरी केलीय. रंग बघून बायकोसुद्धा दोन मिनिटं काही बोलली नाही. निघताना त्यांनी हातात एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत जाडसर पोलादी केबल आणि तिचा ब्रॅकेट. म्हणे, "ही मूळची नाही, नंतर कुणीतरी लावली होती."

कुणीतरी नाही हो, खुद्द जनरल मोटर्सने, म्हणजे शेवरोलेच्या मालक कंपनीने, लावायला लावली! डिसेंबर १९७१मध्ये सुमारे ६७ लाख शेवरोले याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. इंजिन ज्यावर बसतं त्या रबर-लोखंडाच्या आधाराचं, म्हणजे फाउंडेशनचं, रबर लोखंडापासून सुटायचं. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ड्रायव्हरच्या बाजूने वर उसळायचं, त्याबरोबर थ्रॉटलची (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची) जोडणी ओढली जायची आणि गाडी आपोआप रेस व्हायची. म्हणून केबलने इंजिन खाली बांधून ठेवायचं, एवढाच उपाय.

ती परत बसवावी असं माझं मत. बोला.

क्रोमवेडा
मध्या, तुमची तळमळ पोचली, पण १९६८ साली ती केबल गाडीवर नव्हती. प्रदर्शनात परीक्षक बॉनेट उघडून क्लॅम्पवरचे शिक्केसुद्धा तपासतात, तिथे हे लोंबकळणारं दावं कशाला? आता लॉकवाली फाउंडेशन मिळतात. रबर फाटलं तरी आतले लोखंडी भाग एकमेकांत अडकून राहतात, इंजिन उचलायचा प्रश्नच येत नाही. केबल हा तेव्हाचा स्वस्तातला तोडगा होता. लाखो गाड्यांची फाउंडेशन बदलण्यापेक्षा दोरीने बांधणं परवडलं, इतकंच. तिला मंगळसूत्र समजू नका.

मिशिगनचा_मध्या
@क्रोमवेडा, लॉकवालं असेल तर मान्य. पण तुम्ही विकत घेतलेल्या गाडीत लॉकवालं आहे की 'मूळ नमुन्याबरहुकूम' केलेलं, हे वरून कळतं का?

नटबोल्ट_नाना
वरून कळत नाही. तीस वर्षं व्ही-८ उघडतोय, म्हणून सांगतो.

यातली खरी भीती कुणी लिहिलीच नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा राहिला की इंजिनचा व्हॅक्यूम (हवा ओढून घेण्याचा जोर) पडतो. पॉवर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पेडल दाबायला मदत करणारा डबा, त्याच व्हॅक्यूमवर चालतो. म्हणजे गाडी सुटली की ब्रेकची मदतही गेली. पहिल्या एकदोन दाबांत जे काय थांबायचं ते थांबा, पुढे पेडल दगडासारखं. त्यातून इंजिन उचलल्यावर व्हॅक्यूमचा पाइप निसटला तर विचारूच नका.

तपासायचं कसं: इंजिन बंद, बॉनेट वर. जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून ऑइल पॅनच्या (इंजिनखालच्या तेलाच्या तसराळ्याच्या) कडेने (मधोमध नको, पत्रा चेपतो) ड्रायव्हरच्या बाजूने इंजिन हळूच उचला. फाउंडेशनच्या रबरात फट पडताना दिसली की खेळ संपला.

शंकासुर
सगळे ६७ लाखांचा आकडा घेऊन बसलेत. त्यातल्या किती गाड्या खरंच सुटल्या? रिकॉल हा निम्मा तंत्रज्ञानाचा आणि निम्मा गवगव्याचा मामला असतो. शेवरोलेचीच कॉर्व्हेअर आठवा. ग्राहकहक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडर यांनी १९६५च्या पुस्तकात तिला बदनाम केलं, आणि १९७२च्या सरकारी अहवालात निघालं काय? वळणावर ती त्या काळच्या इतर गाड्यांइतकीच बरी.

सुलभा_न्यूजर्सी
शंकासुरभाऊ, 'त्या काळच्या इतर गाड्यांइतकीच' हे प्रशस्तिपत्रक आहे होय? वर्गातली सगळी पोरं नापास झाली म्हणून आमचा बंड्या हुशार ठरत नाही. कॉर्व्हेअरच्या पुढच्या टायरमध्ये १५ पौंड आणि मागच्या टायरमध्ये २६ पौंड हवा ठेवायची, तरच ती सरळ वागायची. पंपावरचा पोरगा चारही टायर सारखे भरणार की नाही? आणि काहीच दोष नव्हता तर १९६४च्या मॉडेलला पुढे अँटीरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) आणि मागे आडवी पाटास्प्रिंग का घातली?

शंकासुर
सुधारणा केली म्हणजे आधीचं पाप कबूल केलं असं धरलं, तर उद्यापासून कुणीच सुधारणा करणार नाही. बाकी बंड्या आवडला.

क्रोमवेडा
अहो, विषय कॅमेरोचा आहे. आणि रिकॉलची एवढी काळजी असेल तर अमेरिकन सरकारच्या रिकॉलच्या संकेतस्थळावर गाडीचा कारखान्यातला ओळख नंबर टाकून बघा ना.

मिशिगनचा_मध्या
टाकला. तिथे १७ अक्षरांचा नंबर लागतो, माझ्या पाटीवर १३च आहेत. १७ अक्षरं सक्तीची झाली १९८१च्या मॉडेलपासून. शिवाय तो शोध साधारण मागच्या १५ वर्षांतलेच रिकॉल दाखवतो. म्हणजे १९७१च्या रिकॉलची या गाडीवरची एकमेव नोंद कुठली, तर ती केबल. ती काढून पिशवीत घातली की पुढच्या मालकाला कळणार कुठून? मला कळलं, कारण त्या गृहस्थांनी पिशवी दिली. कचऱ्यात टाकली असती तर?

क्रोमवेडा
हा मुद्दा आहे खरा. तरी मी म्हणेन, लॉकवालं फाउंडेशन बसवा, केबल कागदपत्रांसोबत ठेवा. प्रदर्शनालाही चालेल.

नटबोल्ट_नाना
आणि रोज चालवणार असाल तर दोन्ही. कुणाला विचारायचं नाही.

मिशिगनचा_मध्या
आज नानांच्या पद्धतीने इंजिन उचलून पाहिलं. उजवीकडचं ठीक. ड्रायव्हरच्या बाजूला रबर आणि लोखंड यांच्यामध्ये माझं डेबिट कार्ड आरपार गेलं. चार वर्षं खपलेल्या गाडीत! बाहेरून नवा काळा रंग चकचकीत, त्यामुळे वरून भेग दिसतच नव्हती. लॉक वगैरे काही नाही.

फाउंडेशनची जोडी मागवलीय, तोवर गाडी जागची हलणार नाही. क्रोमवेडा, लॉकवालं ओळखायची खूण काय ते सांगा. आणि नाना, केबलमध्ये थोडी ढील ठेवायची की ताणून बांधायची?

नटबोल्ट_नाना
थोडी ढील. इंजिनाला थरथरायला जागा हवी, उडी मारायला नको. ब्रॅकेटचा फोटो टाका, मग सांगतो.