वंशावळीत एकच नाव तीनदा! छापायला द्यायचंय, तातडीने मदत हवी

तळ्याकाठी: घरात मोडीतली वंशावळ आहे. थोरल्या काकांनी तिची देवनागरी नक्कल केली होती. खापरपणजोबांच्या मुलांत 'विठ्ठल' तीनदा, 'रामचंद्र' दोनदा, शेवटी आमचे पणजोबा भिकू. नक्कल करताना काका चुकले असणार, पण विचारायला ते आता नाहीत. शुक्रवारी कागद छापखान्यात जायचेत. दोन विठ्ठल खोडू का? की जन्मनोंद काढून खात्री करू? कुठे मिळेल?

पोफळीचं_कुळागर: गाव कोणतं? साल कोणतं?

तळ्याकाठी: गोवाच. फोंड्याकडचे आम्ही. वहीत शके १७९३ पासून पुढचं आहे.

पोफळीचं_कुळागर: म्हणजे १८७१ पासून. मग जन्मनोंद विसरा. आपली नागरी नोंदणी १९१४ची. त्याआधी किरिस्तांवांचे (ख्रिश्चनांचे) बाप्तिस्मे चर्चच्या वह्यांत सापडतात, हिंदूंचं तसं काही नाही. आणि फोंड्यात गावं काय थोडी आहेत? नाव सांगा.

मांडवीपार: तुमचे आजोबा १९६१च्या १९ डिसेंबरआधी गोव्यात जन्मले असतील तर पोर्तुगीज नॅशनॅलिटीला अर्ज करता येतो. कागद जपून ठेवा.

तळ्याकाठी: मला लिस्बनला जायचं नाहीये हो!

वांगडकर: कोमुनिदादीत, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेत जा. गांवकरांच्या, म्हणजे मूळ हक्कदार घराण्यांच्या, पुरुष वारसांची नावं तिथे असतात, जोन (उत्पन्नाचा वाटा) मिळतं ना. आमची सात पिढ्यांची साखळी तिथेच जुळली.

पोफळीचं_कुळागर: जोन मोठ्या झालेल्या मुलाला. पाळण्यात गेलेल्याचं नाव तिथे कशाला असेल? एकच नाव तीनदा म्हणजे आधीची पोरं लहानपणीच गेली असणार, यांचा प्रश्नच तो आहे.

वांगडकर: मग देवळातली महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या हक्कदारांची, यादी बघा. १८८६च्या मझानियांच्या (देवस्थान-मंडळांच्या) नियमानंतर याद्या नीट ठेवल्यात.

पोफळीचं_कुळागर: तीही मोठ्यांचीच. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वहीतही तेच. दात यायच्या आत गेलेल्या बाळाला पुरतात, श्राद्ध नाही, मग लिहिणार कोण? उलट यांच्या वहीत ही पोरं आहेत हेच नवल. खापरपणजोबा मुलं लहान असताना वारले असतील तर वाटणीचा इन्व्हेंतार (वारस आणि मालमत्तेची कोर्टातली नोंद) झाला असेल. पोर्तुगीज सिव्हिल कोड इथे १८७०पासून आहे, आणि इन्व्हेंतारात अल्पवयीन मुलं वयासकट लिहितात. पणजीच्या पुराभिलेखात विचारा. त्यातही तेव्हा हयात असलेलीच पोरं मिळतील, हे धरून चला.

केळबाय: काका चुकले नाहीत हो. पहिला विठ्ठल गेला की पुढच्याला तेच नाव, आजोबांचं नाव चालायला हवं ना! तोही गेला की तिसऱ्याला. त्या काळात देवी आली की घर धुऊन न्यायची. मग थकून शेवटच्याचं नाव भिकू. भीक मागून आणलेला, कोणाची नजर लागू नये म्हणून. धोंडू, दगडू, केरू ही तसलीच. आमच्या आजीचा भाऊ नथू, नाक टोचलेलं होतं त्याचं. मुलीसारखा दिसावा म्हणून. शंभरी गाठली की नाही ते सोडा, पण आंबा चोरताना पकडला जायचा नेहमी.

वांगडकर: भिकू हे नाव सगळीकडेच असतं, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

केळबाय: तीन विठ्ठलांच्या पाठीवरचा भिकू सगळीकडे नसतो.

तळ्याकाठी: थांबा, आता आठवलं. काकांनी काही नावांपुढे 'अल्पा.' लिहिलंय. मला वाटलं ते 'अप्पा' आहे.

पोफळीचं_कुळागर: अहो, हे पहिल्याच ओळीत सांगायचं ना! अल्पायुषी. तेच काय ते उत्तर. कोणाकोणापुढे आहे?

तळ्याकाठी: तिन्ही विठ्ठलांपुढे, दोन्ही रामचंद्रांपुढे. भिकूंच्या पुढे काही नाही.

केळबाय: पाच पोरं बाबा. खोडू नका.

वांगडकर: आमच्याकडे गेलेल्या पोरांची नावं छापत नाहीत, अपशकुन मानतात.

तळ्याकाठी: धाकटे काकाही तेच म्हणाले. मी मात्र छापणार, 'अल्पा.'सकट. केळबाय, देव बरें करूं. मुलींची नावं वहीत एकही नाहीत, त्या कुठे शोधू?

पोफळीचं_कुळागर: आधी गाव सांगा.